दोऱ्याने बांधलेलं फूल

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक भोपळा समोर आणा. परीक्षेत मिळतो तो नव्हे. राखाडी, अंगभर फोड आलेला, म्हाताऱ्या बेडकासारखा. असा भोपळा भिंगरीच्या मावशीकडच्या बियांच्या एका जुन्या कॅटलॉगात रंगवलेला होता. ते बियांचं दुकान कधीच बंद पडलं होतं, भोपळाही कुठे दिसेनासा झाला होता. मावशीच्या डबीत शेवटच्या बिया उरल्या होत्या. त्या सगळ्या पेरल्या, त्यातली एकच रुजली.

त्या वेलाला मावशी जिवापाड जपायची. कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचा गुळगुळीत भोपळ्यांचा वेल होता. तिथली मधमाशी आपल्या फुलात शिरली, तर फळ येईल आपल्या भोपळ्यासारखंच, पण त्याच्या बियांतून भलतंच काहीतरी उगवेल, असं तिने भिंगरीला समजावलं होतं. म्हणून मादीफूल उमलण्याआधीच ती दोऱ्याने बांधायची आणि सकाळी आपल्याच वेलावरच्या नरफुलाचे पराग त्याला हाताने लावायची.

त्या सकाळी मावशी नरफूल आणायला वेलाच्या पलीकडे गेली. बांधलेल्या फुलात काय असतं ते बघावं म्हणून भिंगरीने दोरा सोडला. पाकळ्या उलगडल्या, आणि कुंपणावरून एक मधमाशी आली ती थेट आत. परागांनी पिवळीधमक माखलेली. माशी उडताच भिंगरीने घाईघाईने दोरा पुन्हा बांधला.

मावशीने येऊन पराग लावले, फूल पुन्हा दोऱ्याने बांधलं आणि देठाला लाल फीत बांधली. "हा आपला बियाण्याचा," ती म्हणाली. "आता जीव भांड्यात पडला बाई."

जेवताना भिंगरीने पानातला भात नुसताच चिवडला. भोपळ्याने तुझी भूक पळवली की काय, म्हणून मावशीने थट्टा केली. भिंगरीला हसू आलं नाही. खिडकीतून वेलाच्या शेंड्याची शेवटची मादीकळी दिसत होती. ती उद्या उमलणार होती, आणि मावशी ती बांधणार नव्हती. बियाण्याला एक फळ पुरे, असं तिने ठरवलं होतं. सांगितलं तर मावशी पुन्हा वेलाजवळ फिरकू देणार नाही. नाही सांगितलं, तर उद्या माशा त्या फुलातही शिरतील, आणि कुणाला काही कळणार नाही. कळेल ते पुढच्या वर्षी, गुळगुळीत भोपळे लागल्यावर. तेव्हा डबीत काहीच नसेल.

ऊन उतरलं. कळीचं टोक पिवळं दिसू लागलं.

भिंगरी अंगणात गेली, देठावरची लाल फीत सोडली आणि ती मावशीच्या तळहातावर ठेवली. मग दोऱ्याचं रीळ तिच्यापुढे धरून हळूच म्हणाली, "आधी ती कळी बांध, मावशी. मग मी काय केलं ते सांगते."