दुसरे उंबरठे

दुकानाच्या पाटीवर ठळक अक्षरांत ‘उंबरठे चष्मेवाले’ असं लिहिलेलं होतं, आणि दुकान चालवणाऱ्या बाईंना त्या आडनावाचा भारी तोरा होता. अख्ख्या शहरात दुसरे उंबरठे नव्हते. माहेरचं हे नाव लग्नानंतरही त्यांनी सोडलं नव्हतं. कुणी विचारलं की त्या वडिलांचंच वाक्य ऐकवायच्या, “आमचे पूर्वज राजवाड्याच्या उंबरठ्यावर पहारा द्यायचे.”

एके दिवशी लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस डोळे तपासायला आला.

“आडनाव?”

“उंबरठे.”

“आमचं नव्हे हो, तुमचं.”

“माझंच सांगतोय.”

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. वडील फ्रेमा विकायला गावोगाव फिरायचे, आठवडेच्या आठवडे घरी नसायचे. फिरतीला निघताना नवा शर्ट घालायचे, तो आईच्या डोळ्यांत सलायचा. आणि हा माणूस तर बाईंहून थोडाच लहान! त्यांनी फ्रेम त्याच्या नाकावर टेकवली. ती उजवीकडे कलली. वडिलांचाही डावा कान असाच किंचित वर होता. असे कान शेकडो गिऱ्हाइकांचे असतात, हे त्यांना एरवी पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी आठवलं नाही.

“मूळचे कुठले तुम्ही?” त्यांनी काडी वाकवत विचारलं.

“इकडचेच,” तो नजर चुकवत म्हणाला. “आणि तुम्ही?”

“का हो?”

“सहज.”

असलं सहज कुणी विचारत नसतं, बाईंनी मनाशी म्हटलं.

घरी नवऱ्याने खो खो हसून घेतलं. “एक आडनाव काय जुळलं, तू सासऱ्यांचा दुसरा संसार थाटून मोकळी!” पण बाईंच्या मनातून ते जाईना. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, आईही नव्हती. विचारायचं तरी कुणाला? उरली होती फक्त आत्या.

चष्मा न्यायला तो यायचा होता त्या दिवशी त्यांनी आत्याला दुकानात आणून बसवलं. तो दारात दिसताच कानाशी लागल्या, “तुझ्या दादासारखा, माझ्या बाबांसारखा दिसतो का गं?”

आत्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि थेट विचारलं, “तुझे आजोबा नदीपलीकडच्या अनाथालयातले का रे?”

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. “तुम्हाला कुणी सांगितलं? बाबांनी तर कुठे बोलायचं नाही म्हणून शपथ घातली होती.”

“माझे वडीलही तिथलेच. दाराशी सोडलेल्या प्रत्येक पोराला तिथे हेच आडनाव चिकटवायचे. मोठेपणी बहुतेकांनी टाकून दिलं. असलं नाव कोण मिरवणार? म्हणून तर उंबरठे सापडत नाहीत कुठे.”

बाईंनी स्टूल जवळ ओढलं. “आणि तो राजवाडा?”

“तो तुझ्या बापाने बांधला. त्याच्या फिरतीत फ्रेमांपलीकडे काही नव्हतं गं. लाजत होता तो फक्त आपल्या वडिलांच्या जन्माला.”

बाईंना हायसं वाटलं आणि लगेच स्वतःचीच शरम वाटली. मेलेल्या माणसाला त्यांनी आठवडाभर आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं.

लिफ्टवाल्याने चष्मा चढवला. “पाटी बघून वाटलं होतं, तुम्हाला आमचं सगळं माहीत असणार. म्हणून आलो आणि मग धीरच झाला नाही. म्हणजे आपलं नातं काहीच नाही तर.”

“ते कोण सांगणार?” आत्या म्हणाली. “एकाच बाईने त्या दाराशी दोनदा मूल ठेवलं नसेल कशावरून?”

चष्म्यातून तो बाईंचा चेहरा निरखत होता आणि बाई त्याचा.

शेवटी तो उठला. “मुलीचेही डोळे दाखवायचेत. तिला घेऊन येतो.”

“ये,” बाई म्हणाल्या. गिऱ्हाइकाला आपण अरे-तुरे केलं, हे त्यांच्या लक्षात तो पायरी उतरल्यावर आलं. त्यांनी वळून पाहिलं तर आत्या त्याच्या चालीकडे टक लावून बघत होती.

“काय गं?”

“काही नाही,” आत्या म्हणाली, आणि तो दिसेनासा होईपर्यंत तिने मान वळवली नाही.