थोरली जाऊ, धाकटी जाऊ

“हे काय आहे, ताई?” मी चमचा तिच्या डोळ्यांसमोर धरला.

ताईनं चमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीसारखी म्हणाली, “पिशवी.”

“आणि हे कोण?” मी दाजींकडे बोट केलं.

“पिशवी.”

“हे मात्र बरोबर. जिथे गेलीस तिथे तुलाच उचलून न्यावी लागली.”

दाजी हसले नाहीत. एरवी माझ्या अशा बोलण्यावर ते निदान “चालू द्या, स्टुडिओवाले” एवढं तरी म्हणत. त्या दिवशी ते खिडकीशी उभे राहून नुसते नखं कुरतडत होते. साठी उलटून गेलेला माणूस, आणि नखं कुरतडतो.

ताईला झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली आणि शब्दही गेले. एकच उरला. पाणी हवं, पिशवी. लाइट घालव, पिशवी. डॉक्टरांना विचारलं, तिला कळतं तरी का? ते म्हणाले, किती कळतं आणि किती नाही, हे कुणालाच सांगता यायचं नाही. धीर धरा, वेळ लागेल. पण आमच्याकडे वेळच नव्हता, कारण तळ्याची सुनावणी तोंडावर आली होती.

ते तळं म्हणजे गिरणीच्या मागची पाणथळ जागा. लव्हाळी, चिखल, मध्ये थोडं उघडं पाणी. नाक धरून जाण्यासारखी जागा. दाजी पाणीखात्यात मीटर वाचायचे, आणि लग्न झाल्यापासून दर रविवारी सकाळी ताईला घेऊन तिथल्या पडक्या भिंतीशी जाऊन बसायचे. लोक बायकोला बागेत नेतात, सिनेमाला नेतात, ह्यांनी डासांत नेलं! भिंतीच्या एकाच कोपऱ्यावर कॅमेरा टेकवून ते एकाच बाजूचे फोटो काढत. पाणी किती, लव्हाळी कुठवर आली, आभाळ कसं आहे. रोल माझ्याच फोटो स्टुडिओत यायचे धुवायला. मी ओरडायचो, “दाजी, ह्यात पक्षी कुठाय?”

“हा काय. हा ठिपका.”

“तो माझ्या औषधाचा डाग आहे.”

“डाग उडतो का रे? पुढच्या फोटोत बघ, गेलाय.”

पक्ष्यांचं खातं ताईचं. घडीच्या स्टुलावर बसून ती वहीत लिहायची. कोण आलं, किती जण, कुठे उतरले, अंडी घातली का, पिल्लं किती जगली. सगळं अगदी नीट. फक्त नावं तिची स्वतःची होती. छाती काढून चालणारी ती विहीणबाई. एका पायावर रुसून उभा राहणारा तो थोरला दीर. सगळ्यांच्या आधी खायला येऊन न सांगता निघून जाणारा एक छोटा, कलकलाट करणारा पक्षी होता, त्याचं नाव तिनं माझ्यावरून ठेवलं होतं. मी रागावलो तर म्हणाली, “मग थांबत जा की जरा जेवल्यावर.” दाजींनी एकदा हौसेनं पक्ष्यांचं पुस्तक आणून दिलं. ताईनं ते चाळलं आणि कपाटात ठेवून दिलं. “रोज दारी येणाऱ्याला कुणी संपूर्ण नावानं हाक मारतं का?” म्हणे.

आम्हाला गंमत वाटली होती त्या वेळी. तीच गंमत पुढे गळ्याशी आली.

तळं बुजवून तिथे गोदामं बांधायची होती. हरकती मागवल्या, तेव्हा दाजी फोटोंची आणि वह्यांची ट्रंक घेऊन कचेरीत गेले. ट्रंकेची दुसरी कडी मी धरलेली. अधिकारी एक बाई होत्या. मी भांडायच्या तयारीनंच गेलो होतो, पण बाईंनी वह्या खरंच मन लावून वाचल्या. विहीणबाईंच्या भांडणाला हसल्यासुद्धा. मग एका पानावर बोट ठेवून विचारलं, “ही धाकटी जाऊ म्हणजे कोण?”

तिथे दोन पक्षी यायचे. सारखेच मातकट, लव्हाळीत दबकून चालणारे. ताई त्यांना थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ म्हणायची. थोरली नुसती चरून जायची. धाकटी दर वर्षी तिथेच अंडी घालायची.

बाईंनी पुस्तक उघडून शेजारशेजारची दोन चित्रं दाखवली. एक पक्षी जिथे तिथे दिसणारा. दुसरा इतका थोडा उरलेला, की त्याचं घरटं असलेल्या जागेला कुणी हात लावू शकत नाही. फरक काय, तर दुसऱ्याचे पाय पिवळे. “धाकटी जाऊ ही असेल,” बाई दुसऱ्या चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या, “तर तळं वाचेल. पहिली असेल, तर माझे हात बांधलेले आहेत. कोणती आहे?”

“मला नाही सांगता येणार,” दाजी म्हणाले.

मी टेबलाखालून त्यांना लाथ मारली.

“त्यांचे पाय कायम चिखलात असायचे हो. आणि माझा एक डोळा मिटलेला, दुसरा कॅमेऱ्यातून पाण्यावर. ही मला सांगायची, आज धाकटी आली, आज दोघी आल्या. कशी ओळखायची कोण जाणे. चालीवरून असेल. आता तिला विचारावं, तर झटक्यानं शब्दच गेलेत.”

“आम्ही माणूस पाठवून बघून घेतलं असतं,” बाई म्हणाल्या, “पण ते पक्षी येतात थंडी सरताना. तोवर निकाल लागलेला असेल.” मग जरा विचार करून म्हणाल्या, “तुमच्या पत्नी बोलू शकत नाहीत, पण बोट दाखवू शकतात ना? मी घरी येते.”

घरी येताना मी रस्ताभर दाजींच्या मागे लागलो. चार दिवस आहेत हातात. पिवळ्या पायांचं चित्र ताईला रोज दाखवू, हीच धाकटी, हीच धाकटी, असं सांगत राहू. दाजी म्हणाले, “पढवायचं नाही.” बस्स, एवढंच. ह्या माणसाशी डोकं फोडून माझंच डोकं फुटतं, हा माझा जुना अनुभव.

बाई आल्या त्या दिवशी दाजींनी ताईचे केस स्वतः विंचरले होते. भांग वाकडा पडला होता. ताईला उशांना टेकवून बसवलं आणि पुढे पाट ठेवून त्यावर दोन्ही चित्रं मांडली. दाजी तिच्याजवळ बसले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक झाला होता.

“अगं, इकडे बघ. ह्यातली धाकटी जाऊ कोणती?”

ताईनं बघितलं. तिचा डावा हात उचलला गेला आणि पिवळ्या पायांच्या चित्रावर येऊन टेकला.

माझ्या डोळ्यांत चटकन पाणीच आलं. बाईंनी सुस्कारा टाकला, हसल्या, आणि लिहायला घेतलं. सुटलो, असं मला वाटलं. इतकी वर्षं चिखलात घालवलेल्या त्या रविवारांचं चीज झालं.

“बाई, जरा थांबा,” दाजी म्हणाले. “चित्रांची अदलाबदल करून बघू या.”

“दाजी!” मी ओरडलोच.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डावीकडचं चित्र उजवीकडे ठेवलं, उजवीकडचं डावीकडे. “आता दाखव. धाकटी कोणती?”

ताईचा हात पुन्हा डावीकडेच गेला. आता तिथे साधा पक्षी होता. बाईंनी चित्रं एकाखाली एक ठेवली, तर तिनं दोन्हींच्या मधे हात ठेवला. पाटावर. नुसत्या लाकडावर.

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

ताई आमच्या तोंडांकडे बघत होती, एकेकाकडे. आपलं काहीतरी चुकलं, एवढं तिला नक्की कळलं. “पिशवी,” ती म्हणाली. मग मोठ्यानं, “पिशवी! पिशवी!” आणि डाव्या हातानं स्वतःच्याच तोंडावर मारायला लागली. दाजींनी तो हात धरला, दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि म्हणत राहिले, “हो गं. बरोबर आहे तुझं. चुकलं नाही काही.”

बाईंना गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवून परत येताना मी दाजींना रस्त्यातच गाठलं आणि तोंडाला येईल ते बोललो. काय गरज होती? एवढा खरेपणाचा पुळका, तर तो काय चाटायचाय? बाई लिहीत होत्या! वाचलं होतं तळं!

“हो,” दाजी म्हणाले. “वाचलं होतं.”

“मग?”

“तिनं सांगितलं असतं, तर मी त्यावर मान कापून दिली असती रे. पण ती सांगत नव्हती. हात नुसता पडत होता तिचा. तिनं वहीत कधी अंदाजानं एक ओळ लिहिली नाही. खात्री नसली की सरळ लिहायची, दिसलं नाही. आता ती बोलू शकत नाही, म्हणून तिच्या तोंडी मी घालू?”

आणि ते रडायला लागले. भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, लहान मुलासारखे हुंदके देऊन. मी कधी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. माझा राग काही गेला नाही, पण मी त्यांना धरून उभा राहिलो.

निकाल अपेक्षेप्रमाणेच लागला. भराव सुरू झाला. दाजी रविवारी एकटेच जायचे, फोटो काढून आणायचे, आणि ताईला दाखवायचे नाहीत. आता रोल नव्हते, पण ते फोटो मला दाखवायचे. मी म्हणायचो, कशाला बघता हे, स्वतःलाच कशाला छळता? ते पुढचा फोटो पुढे करायचे. मलाही झोप लागेना. डोळे मिटले की तो लाकडावर पडलेला हात दिसायचा.

थंडी सरत आली तेव्हा दाजी म्हणाले, “हिला एकदा नेऊन आणू या.”

मला पटलं नव्हतं. काय दाखवायचं तिला तिथे, दगडमाती? पण मीच चाकाची खुर्ची ढकलली. भिंत पाडलेली होती, म्हणून रस्त्याच्या कडेलाच थांबलो. तळं संपलं होतं. जिथवर नजर जाईल तिथवर राडारोडा, विटांचे तुकडे, आणि त्यावरून मागे मागे येणाऱ्या लॉऱ्या. दाजींनी ताईच्या पायांवर शाल नीट केली. ती समोर बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

तेवढ्यात भरावावर दोन पक्षी उतरले. मातकट. इकडून तिकडे चालायला लागले, थांबले, पुन्हा चालले. घर सोडून गेलेल्यांनी परत यावं आणि घरच सापडू नये, तसे.

ताई खुर्चीत पुढे झुकली. तिचा डावा हात वर झाला, आणि एका पक्ष्याकडे बोट करून ती लाडानं म्हणाली, “पिशवी.” मग दुसऱ्याकडे बोट करून, जरा दबकून, वडीलधाऱ्या बाईशी बोलावं तसं, “पिशवी.”

मी दाजींकडे पाहिलं. ते श्वास रोखून उभे होते.

पक्षी एकमेकांना ओलांडून गेले. डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे. ताईचा हात त्यांच्या मागोमाग फिरला. ही लाडाची पिशवी, ती मानाची पिशवी. ते पुन्हा फिरले, एक विटांच्या ढिगाआड जाऊन आला, तरी तिचा हात चुकला नाही. एकदाही नाही.

“दाजी,” मी म्हणालो, “पाय बघा.”

चिखल उरला नव्हता. कोरड्या विटांवर दोघींचे पाय पहिल्यांदाच उघडे दिसत होते. थोरलीचे काळपट होते. धाकटीचे पिवळे होते.

दाजींनी कॅमेरा उचलला नाही. ते खुर्चीशी उकिडवे बसले, ताईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि म्हणाले, “हो गं. दिसली मला. धाकटी आली.”

लॉरीचा हौदा उचलला गेला, माती धडधडत खाली आली, आणि दोघी उडाल्या. त्या दिसेनाशा झाल्या तरी ताई हसत हात हलवत होती, आणि तो हात खाली घ्यायला सांगण्याचं धैर्य आम्हा दोघांनाही झालं नाही.