पायरीवरची सिगारेट

शिंपीणबाईंच्या दुकानात वीस वर्षांत कुणी सिगारेट पेटवली नव्हती. बाईंनी तसा दमच भरला होता. तरीही तपासनीस साहेब 'धूम्रपान केल्यास दंड' अशी सरकारी पाटी ठोकायला आले, तेव्हा बाईंचं डोकं फिरलं.

"दुकान माझं. इथं कुणी ओढायचं, कुणी नाही, ते मी ठरवणार. सरकार कोण लागून गेलं?"

शेजारचा सुतार पायरीवर बसून सिगारेट ओढत होता. बाईंनी त्याला हाक मारली. "भाऊजी, आत या. खुशाल खुर्चीत बसून ओढा."

सुतार उंबऱ्याशीच थबकला. "नको वहिनी, टांगलेल्या कोटांना वास लागेल."

बाईंनी पाटी साहेबांच्या हातात कोंबली. "ही तुमच्या कचेरीत लावा. तिथल्या माणसांना आपलं आपल्याला कळत नसेल."