पुठ्ठ्याचे बिल्ले

पुतळाबाईच्या चहाला कळंबात कुणी नावं ठेवली नाहीत. बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर तिनं तीन दगडांवर चहाचं आधण ठेवलं, तेव्हा खडी फोडून घशाला कोरड पडलेल्या एकाही माणसानं तिची जात विचारली नाही. पुढं पाऊस झाला, शेतकरी संघाच्या आवारात मापाला पुन्हा धान्याच्या गाड्या लागल्या आणि पुतळाबाईनं तिथंच छपरी टाकली. बौद्धवाड्यातली बाई संघाच्या आवारात चहा विकते म्हणून थोडे दिवस कुजबुज झाली. मग कुजबुजणारेच ग्लास घेऊन उभे राहू लागले. पैसे मात्र वीतभर वरून सोडायचे. चहा चालत होता, हात चालत नव्हता. नाणं तळहातावर आदळलं की पुतळाबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण धंदा होता, ती गप्प बसायची.

मग एका वर्षी बाजारातून चिल्लरच गायब झाली. एका चहासाठी नोट पुढं करायची आणि सुट्ट्यावरून हुज्जत घालायची, असं रोज होऊ लागलं. मापाची रांग अडू लागली. शेवटी संघाचे सेक्रेटरी नारायणराव छपरीत आले.

"पुतळाबाई, सुट्ट्याचा बंदोबस्त करा. न्हायतर कमिटी ही जागा बलभीमला देईल. फाटकाबाहेर हॉटेल हाये त्याचं, टपूनच बसलाय तो."

तोडगाही त्यांनीच काढला. मापाच्या खिडकीवर शेतकऱ्याला धान्याचे पैसे मिळत, तिथंच सुट्ट्याच्या बदली चहाचे बिल्ले द्यायचे. जमलेले बिल्ले संध्याकाळी संघानं परत घ्यायचे आणि पुतळाबाईला रोख द्यायची. बिल्ला कसला, ते तिनं ठरवायचं होतं. त्यासाठी बिल्ले बनवणारा बार्शीचा बंडप्पा नमुन्यांची पिशवी घेऊन आला.

त्यानं फळीवर दुकान मांडलं. पितळेचा बिल्ला, पत्र्याचा, जाड पुठ्ठ्याचा, आणि वर फट असलेली एक पेटी. "ह्या फटीतून गिऱ्हाइकानंच बिल्ला सोडायचा. आत घंटी वाजती."

"पेटी आन पितळेचे बिल्ले घ्या," नारायणराव लगेच म्हणाले. "त्यांनी सोडायचं, तुमी घंटी ऐकायची. कुणाला कुणाचा त्रास न्हाय."

माणूस वाईट नव्हता, पण तो 'त्रास' पुतळाबाईच्या जिव्हारी लागला. आजवर निदान तिच्या तळहातावर पैसे पडत होते. आता तळहातसुद्धा नको होता.

पितळेचा बिल्ला उचलून तिनं वीतभर वरून फळीवर सोडला. ठण्णकन वाजून तो जागच्या जागी बसला. पत्र्याचा दोन उड्या मारून आडवा झाला. पुठ्ठ्याचा सोडला, तो छपरीतून आरपार जाणाऱ्या वाऱ्यावर तरंगत पोत्यांच्या थप्पीपाशी जाऊन पडला. पुतळाबाई हसली.

"हेच घेते."

बंडप्पा म्हणाला, "बाई, पितळ जलमभर टिकंल. पुठ्ठा मळून जाईल."

"मळला की दुसरा काढू. मला वरून टाकता न येणारा बिल्ला पायजे."

"आन पेटी?" नारायणरावांनी विचारलं.

"पेटी ऱ्हाऊ द्या. माझा हात हाये की."

नारायणराव मान हलवून गेले.

बाजाराच्या दिवशी खिडकीवरून बिल्ले वाटले गेले. एका बाजूला संघाचा शिक्का, दुसऱ्या बाजूला पुतळाबाईची सही. वारं सकाळपासूनच सुटलं होतं. रांगेत पहिले उभे होते येरमाळ्याचे आबाराव, शंभर माणसांत शब्दाला वजन असलेले. ते जिकडं वळतील तिकडं रांग वळणार, आणि बलभीमचं हॉटेल तर छपरीतून सरळ दिसत होतं. पुतळाबाईनं हात पुढं केला.

आबारावांनी सवयीनं वरून बिल्ला सोडला. तो गेला बैलगाडीखाली. धोतर सावरत त्यांनी तो वाकून काढला आणि या खेपेला फळीवर ठेवला. वाऱ्यानं तो तिथूनही उडवला. रांगेत कुणीतरी हसलं. आबाराव दुसऱ्यांदा वाकले.

"वारं लई हाये, आबा," पुतळाबाई म्हणाली. "हातात द्या."

तिचा हात तसाच पुढं होता. आबारावांनी फाटकाकडं पाहिलं, उकळत्या चहाकडं पाहिलं. मग तिच्या तळहातावर बिल्ला ठेवला, आणि पुन्हा उडू नये म्हणून वरून अंगठ्यानं दाबून धरला.

पुतळाबाईनं मूठ मिटली. "साखर जादा ना?"

"व्हय," आबाराव म्हणाले. "तळ्याच्या कामावर देत हुतीस, तसाच दे."

तिनं ग्लास भरून दिला आणि पुढच्याकडं हात केला.