डिसेंबरच्या आत

मार्लिसने दार उघडलं तर व्हर्नाकाकू गरम भांडं धरून उभ्या. बटाटे, चीज, वर कुरकुरीत मक्याचे पोहे. साउथ डकोटाच्या त्या गावात शेजारणी हा पदार्थ घेऊन येतात तो कुणी गेल्यावरच.

"कधी गेले गं?" काकूंनी डोळे पुसले.

"गेले नाहीत. उठून बसलेत."

काकू लाजेनं लालबुंद झाल्या. "चर्चमध्ये कुणीतरी म्हणालं... बरं झालं बाई. म्हणजे, बरंच झालं की." भांडं मार्लिसच्या हातात कोंबून त्या गाडीकडे जवळजवळ पळाल्याच.

"मार्लिस, वास कसला गं?" आतून तिच्या वडिलांचा, आल्डेनचा, आवाज आला. "माझ्याच मयताचं जेवण का? आण, मलाही वाढ."

दोन चमचे खाऊन म्हाताऱ्याला धाप लागली. फुप्फुसात पाणी साठलं होतं. गोळ्या नेमानं घेतल्या तर वसंत ऋतू नक्की बघतील, असं डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते. गोळ्या बशीत तशाच पडल्या होत्या.

त्या एका वर्षापुरता देशातला वारसा कर उठला होता. जानेवारीत तो परत लागायचा होता, आणि तो किती नि कुणावर लावायचा यावरून वॉशिंग्टनमध्ये अजून हमरीतुमरी चालली होती. आल्डेन ट्वेटकडे जमीन उदंड, हातात पैसा नाही. तो जानेवारीनंतर गेला नि जुन्या दरानं कर बसला, तर पोरांना नदीकाठचं कुरण विकावंच लागणार. माणसानं मरायचा मुहूर्त बघावा, अशी पाळी त्या शहाण्यांनी आणली होती.

"गोळ्या घ्या, बाबा," मार्लिस म्हणाली. "जाऊ दे ते कुरण. आम्हाला नको."

"तुला नको. तुझी शाळेत नोकरी आहे." त्यानं दाराकडे पाहिलं. तिथं मार्लिसचा भाऊ ड्वाइट बूट न काढताच उभा होता. त्याची सगळी गुरं त्याच कुरणावर जगत होती.

"तू बोल. घेऊ का गोळ्या?"

ड्वाइट टोपी हातात फिरवत राहिला. म्हातारा त्याच्याकडे बघत होता, आणि त्या नजरेत कसली आशा आहे हे मार्लिसला स्पष्ट दिसत होतं.

"वाऱ्यानं कुंपण पडलंय," ड्वाइट शेवटी म्हणाला. "बघून येतो."

गाडीचा आवाज विरेपर्यंत आल्डेन ऐकत बसला. मग त्यानं बशी दूर सारली.

"ने हे."

मार्लिस रडली, रागावली, हातापाया पडली. तो लहान पोरासारखा ओठ घट्ट मिटून बसला. आठवडा संपायच्या आत तो गेला. म्हातारा सरकारला पुरून उरला, असं दफनाच्या वेळी लोक ड्वाइटच्या पाठीवर थाप मारून कौतुकानं म्हणाले.

नाताळच्या आधी रेडिओवर बातमी आली. वॉशिंग्टनमध्ये तडजोड झाली होती. करमाफीची मर्यादा इतकी वर नेली होती, की ट्वेटांच्या जमिनीवर एक डॉलरही बसला नसता. जानेवारीतही नाही, वसंतातही नाही.

ड्वाइट स्वयंपाकघरात हात धूत होता. नळ वाहत राहिला. मार्लिसने रेडिओ बंद केला.

"मी त्यांना घेऊ नका म्हणालो नव्हतो," तो म्हणाला.

"नाही," मार्लिस म्हणाली. "तू काहीच म्हणाला नाहीस."