सहा जणांवर सिद्ध झालेला काढा

१९९४ साली आमच्या बंदरावर दर्याची राखण करणाऱ्या माझूदेवीच्या देवळापुढे एकदा पाय ठेवायला जागा उरली नव्हती. मी तिथेच माशांच्या गोळ्यांचं सूप विकायची, पण त्या दिवशी सुपाकडे बघतो कोण! रेडिओवरून औषधं विकणारे गुरू त्सेंग प्रत्यक्ष अवतरले होते.

"रक्तदाबाच्या सहा रोग्यांना इस्पितळाची गोळी, सहांना माझा शंखकाढा!" गुरू कर्ण्यातून गरजले. "शोधून शोधून फरक सापडला नाही. म्हणजे दोन्ही समान! विज्ञानानं हात टेकले!"

सगळ्यात जोरात टाळ्या माझ्या नवऱ्याच्या, किन्फाच्या. आठवड्यापूर्वीच गोळ्या सोडून तो काढ्यावर आला होता, आणि सकाळपासून डोकं धरून बसला होता.

"अहो, डॉक्टरीणबाईंना तरी विचारा."

"तुला सूप कळतं, विज्ञान नाही."

सरकारी दवाखान्याच्या डॉ. श्युए गर्दीतच होत्या. त्यांनी पुजाऱ्याकडून कौलाच्या ठोकळ्यांच्या दोन जोड्या मागितल्या. एक रोजची, दुसरी उंदरांनी कुरतडलेली, सारखी नकारच देते म्हणून कपाटात टाकलेली.

"किन्फाकाका, चार-चार वेळा टाका."

एक ठोकळा पालथा, एक उताणा पडला की देवीचा होकार. चांगल्या जोडीला दोन होकार मिळाले, कुरतडलेलीला एक.

"गुरुजी, फरक आहे?"

"चारांत एकाचा? हा कसला फरक!"

"म्हणजे जोड्या समान?"

"समान!"

"समान कशा?" मासे विकणारी मेइगुई ओरडली. "त्या कुरतडलेल्या मेलीनं माझ्या बहिणीची तीन स्थळं मोडली!"

हशा पिकला. "मग टाकत राहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रांग लागली. ऊन उतरेपर्यंत चांगल्या जोडीचे निम्मे कौल होकाराचे निघाले, कुरतडलेलीचे जेमतेम पाव.

"थोडक्यांत शोधलं की खोट लपून बसते," बाई म्हणाल्या. "फरक सापडला नाही म्हणजे फरक नाही, असं होत नाही. समान म्हणायचं तर किती फरक चालेल ते आधी ठरवा. मग हिशेबानं इतकी माणसं घ्या की त्याहून मोठा फरक लपूच नये. रक्तदाबाला ती शेकड्यांनी लागतात. देवीला कौल सलग तीनदा लावता, आणि जिवाच्या औषधाला सहा माणसं पुरली?"

"देवीच्या दारात शंका!" गुरू किंचाळले.

"शंका असते म्हणूनच तीनदा विचारतो," किन्फा हळूच म्हणाला आणि रक्तदाब मोजायला बाईंपुढे हात केला. आकडा ऐकून त्याचा चेहरा उतरला. गोळी त्याने माझ्याच सुपाबरोबर गिळली.

गुरूंना पुढे दंड झाला. आता केसांचं तेल विकतात म्हणे, सहा टकलांवर सिद्ध झालेलं. मेइगुईच्या बहिणीचं लग्न चांगल्या जोडीने जमवलं. डॉ. श्युए तैपेईला गेल्या, तिथेच निवृत्त झाल्या. किन्फा गोळ्या घेत म्हातारा झाला आणि झोपेत गेला.

सूप मी कधीच बंद केलं. पण कुणी औषध घेऊन दारात आलं आणि "फरक आढळला नाही" म्हणालं, की मी डॉक्टरीणबाईंसारखंच विचारते: शोधला किती जणांत? तुम्हीही विचारा.