अनसूया मॅडमचं पुस्तक

"हे शिकायलीस व्हय इथं?" बालाजीनं लेकीच्या पेटीतलं पुस्तक वसतिगृहाच्या ओसरीवर आपटलं. मुखपृष्ठावर एकाच सायकलवर मुलगा आणि मुलगी. "आवर सामान. पूर्ण्याचं स्थळ अजून थांबलंय."

अकरावीतली निकिता भिंतीला चिकटून रडत होती. जिंतूरच्या त्या वसतिगृहाच्या अधीक्षिका अनसूया मॅडम पुस्तकाकडे बघत राहिल्या. चार दिवसांपूर्वी त्यांनीच ते निकिताकडून जप्त केलं होतं, आणि काल ती कॉलेजात असताना गुपचूप पेटीत परत ठेवलं होतं.

मधल्या दोन दुपारी त्यांनी ते वाचून काढलं. कसलं भिकार पुस्तक! नायिकेला ना भांडी घासायची, ना पाणी भरायचं. पोरानं वही परत केली तर ही बया तीन पानं रडते. प्रेम म्हणे! सगळे रिकामटेकड्यांचे चोचले. मग एका पानावर तो पोरगा तिला विचारतो, "तुला काय वाटतं?" एवढंच. पंधराव्या वर्षी लग्न झालेल्या अनसूयाबाईंना हे उभ्या जन्मात कुणी विचारलं नव्हतं. ते पान त्यांनी तीनदा वाचलं आणि स्वतःचाच भयंकर राग आला. पुस्तक चुलीत घालणं तेवढं जमलं नाही.

"पुस्तक माझं हाय," त्या म्हणाल्या.

"तुमचं? मंग पोरीच्या पेटीत कसं?"

"मीच ठिवलं. माझ्या खोलीत कुणाला दिसू नये म्हणून. वास घ्या, माझ्या डोकेदुखीच्या बामचा येईल."

बालाजीनं खरंच पुस्तक नाकाला लावलं. मग तो हसला, ओसरीवरच्या सगळ्या मुलींना ऐकू जाईल असा.

"केस पिकले की मॅडम! लाज न्हाई वाटत?"

"वाटती ना. पण माझ्यापायी पोरीला कामून न्यायलाव?"

"ऱ्हाऊ द्या तिला. पर तुमचे हे थेर तिच्या पेटीत नका ठिवू," असं म्हणून त्यानं पुस्तक त्यांच्या पायाशी टाकलं आणि आपल्या गावाची, चुडाव्याची वाट धरली.

संध्याकाळी जेवणाच्या पंगतीत खुसखुस चालली होती. स्वयंपाकीण सुलाबाई फणफणत आली. "मॅडम, सगळ्या पोरी तुमाला हसायल्यात. अन् ती निकिता तर लय मोठ्यानं!"

अनसूयाबाईंनी तिकडे पाहिलं. जिच्यासाठी अब्रू घालवली तीच तोंडावर ओढणी धरून खिदळत होती. त्यांना फार लागलं ते.

"हसू दे," त्या म्हणाल्या. "इथं बसून हसायलीय ना."

वरणाचं पातेलं उचलून त्यांनी निकितापासूनच वाढायला सुरुवात केली.